पिल्लू पाण्यापर्यंत पोचलं का?

(प्रभागसंघाच्या डिसेंबर महिन्याच्या सभेत आपल्या प्रभाग समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या गटांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या पुढच्या बैठकीत सचिव ताईंनी हे मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती.)

तायांनो, मावश्यांनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या आज्यांनो.

हजेरी झाली, बचतीचा हिशोब झाला. चहा यायला अजून वेळ आहे म्हणून अध्यक्ष ताईंनी मला अर्धा तास दिलाय. आज मी कर्जाच्या फॉर्मवर बोलणार नाही. कोंबडीच्या पिल्लांवर बोलणार आहे. आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करणार आहे, कारण ती चूक तुमच्यापैकी बऱ्याच जणी या महिन्यात करण्याच्या बेतात आहेत.

गेल्या वर्षी याच दिवसांत मानोरा तालुक्यातल्या एका गावात गटातल्या काही बायांनी अंतर्गत कर्ज घेऊन पिल्लं आणली. महिनाभराची पिल्लं, प्रत्येकीला २०. पिल्लं आली त्या दिवशी मी तिथे होते. फोटो काढले, ग्रुपवर टाकले. एका ताईनं विचारलं, "मॅडम, रात्री यांना ठेवायचं कुठं?" तिच्याकडे आधीच्या सात-आठ गावरान कोंबड्या अन् एक कोंबडा होता. मी अगदी खात्रीनं सांगितलं, "जुन्या कोंबड्यांच्याच खुराड्यात सोडा. थंडी आहे, एकमेकींच्या उबेला बसतील."

एम.एस.डब्ल्यू. झालेली पोरगी सांगते म्हणजे बरोबरच असेल, असं त्या ताईला वाटलं. तिनं तसंच केलं. आठ दिवसांत तिची २० पैकी ११ पिल्लं मेली.

सगळ्यांनी एकच सांगितलं, थंडीनं मेली. ताई तेच म्हणाली, शेजारीण तेच म्हणाली आणि मीही माझ्या वहीत तेच लिहिलं. डिसेंबर-जानेवारीत आपल्या वाशीम जिल्ह्यात रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली जातो. त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. फक्त त्या ताईच्या सासूबाई मला म्हणाल्या, "पोरी, तू पिल्लाईले पाणी ठेवाले सांगतलं, पण कोंबड्या पिऊ देते का त्याईले? एक दिवस सकाळी येऊन पाह्य."

मी त्या रात्री गावातच मुक्काम केला आणि सकाळी सहाला खुराड्यापाशी जाऊन बसले.

ताईनं दार उघडलं. घमेल्यात आदल्या दिवशीचं पाणी होतं. बोट घातलं तर बोट बधिर होईल इतकं गार. जुन्या कोंबड्या बाहेर आल्या अन् घमेल्याभोवती उभ्या राहिल्या. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली, पंख गळालेले. एक पिल्लू घमेल्याकडे निघालं. एका कोंबडीनं त्याच्या डोक्यावर टोच मारली, ते परत कोपऱ्यात गेलं. दुसरं गेलं, त्याचंही तेच. साडेआठला कोंबड्या उकिरड्याकडे पांगल्या तेव्हा कुठे पिल्लं पुढे आली. तोवर घमेलं लवंडलं होतं. ताई तुरीच्या सोंगणीला निघून गेली होती. पाणी भरायला घरात कोणी नव्हतं. सासूबाईंना हंडा उचलवत नाही.

म्हणजे संध्याकाळी सहाला खुराड्यात गेलेल्या पिल्लाला सकाळी साडेआठपर्यंत पाणी नाही आणि त्यानंतरही नाही.

थंडी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण नीट समजून घ्या. कोंबडी जेवढं दाणा-खाद्य खाते, त्याच्या साधारण दुप्पट वजनाचं पाणी तिला लागतं. पाणी मिळालं नाही की ती खातही नाही. खाल्लं नाही की अंगात ऊब तयार होत नाही. मग तेच पिल्लू रात्री गारठतं आणि सकाळी मेलेलं सापडतं. आपण म्हणतो, थंडीनं मेलं. ते आदल्या दिवशीपासून उपाशी-तहानलेलं होतं, हे आपल्याला दिसतच नाही.

म्हणून माझं आजचं सांगणं एवढंच आहे. हिवाळ्यातलं पाणी आणि पिल्लं कळपात मिसळणं ही दोन वेगळी कामं नाहीत. दोन्हीसाठी रोज सकाळी एकच प्रश्न विचारायचा: पिल्लू पाण्यापर्यंत पोचलं का?

आई नसलेली पिल्लं

आज्या म्हणतील, आमच्या वेळी हे काही लागत नव्हतं. खरंच नव्हतं लागत. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यावर बसायची, पिल्लं काढायची, पंखाखाली घ्यायची, क्लक क्लक करत दाण्यापाण्याकडे न्यायची. दुसरी कोंबडी पिल्लाच्या अंगावर आली तर पिसं फुलवून धावून जायची. ऊब देणं, पाणी दाखवणं आणि मोठ्यांपासून राखणं, ही तिन्ही कामं आई करायची.

गिरिराज, वनराज, कावेरी ही जी पिल्लं आपण आणतो, ती मशीनमधून निघालेली असतात. त्यांनी आई पाहिलेलीच नसते. मग आईची तिन्ही कामं आपल्यालाच करावी लागतात.

पहिलं काम: ऊब

एक दिवसाची पिल्लं आणली असतील तर पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशानं कमी करत न्यायची. उन्हाळ्यात तीन आठवड्यांत भागतं, हिवाळ्यात पाच-सहा आठवडे धरा. घरी थर्मामीटर नसला तरी अडत नाही, पिल्लांकडे पाहा. बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर ऊब कमी पडतेय. बल्बपासून लांब पळून चोच उघडी ठेवत असतील तर ऊब जास्त झालीय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा शिरतोय. आणि सारखी पसरून खात-पीत असतील तर बरोबर आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आता घरोघरी एलईडी बल्ब आहेत. एलईडीचा उजेड पडतो, पण त्यानं ऊब मिळत नाही. पिल्लांना जुना तारेचा पिवळा बल्बच लागतो. २० लहान पिल्लांना एक ६० वॅटचा बल्ब, हातभर उंचीवर टांगायचा. आणि लाईन गेली तर? प्लास्टिकच्या कॅनमध्ये गरम पाणी भरा, झाकण घट्ट लावा, गोणपाट गुंडाळा आणि मध्ये ठेवा. पिल्लं त्याला चिकटून बसतात. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवू नका. त्या धुरानं पिल्लंही जातात अन् त्याच खोलीत झोपलेली माणसंही.

खुराड्याला उत्तरेकडून गोणपाटाचा पडदा लावा, पण वरच्या अंगाला वीतभर जागा उघडी ठेवा. सगळं गच्च बंद केलं की विष्ठेचा उग्र वास आत कोंडतो, डोळ्यांची आग होते, पिल्लं शिंकायला लागतात. खाली सोयाबीनचं कुटार किंवा लाकडाचा भुसा चार बोटं जाड पसरा आणि तो कोरडा ठेवा.

दुसरं काम: पाणी

आता पाण्याचं. हे कमी खर्चाचं आहे, पण रोजचं आहे.

एक. माठातलं पाणी गार का होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मातीच्या भांड्यातून पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडतं आणि आतलं पाणी गार होतं. मग कोंबड्यांसाठी मातीचं पसरट भांडं उन्हाळ्यात चांगलं आणि हिवाळ्यात वाईट. आपण बाराही महिने तेच वापरतो. मार्गशीर्ष लागला की मातीचं भांडं बाजूला ठेवा, प्लास्टिकचं काढा.

दोन. पाणी तापवायला सरपण जाळायची गरज नाही. पहाटे विहिरीचं, हातपंपाचं पाणी काढताना हाताला कोमट लागतं की नाही? जमिनीच्या पोटातलं पाणी थंडीत फारसं गार होत नाही. गार होतं ते रात्रभर उघड्यावर ठेवलेलं. म्हणून रात्रीचं पाणी सांजेलाच ओतून भांडं पालथं घाला आणि सकाळी ताजं भरा. गावात नळाला टाकीचं पाणी येत असेल आणि ते गार असेल, तर चुलीवरचं तांब्याभर गरम पाणी त्यात मिसळा. बोट घालून पाहायचं. आपल्याला प्यावंसं वाटलं तर पिल्लूही पिईल.

तीन. मोठ्या कोंबड्या अंधारात पाणी पीत नाहीत. त्यांच्या खुराड्यात रात्री भांडं ठेवलं तर ते लवंडतं, खाली ओल होते, आणि ओलीतून पिल्लांना रक्ती हगवण लागते. त्यापेक्षा संध्याकाळी कोंडायच्या आधी आणि सकाळी दार उघडल्याबरोबर पाणी द्या. बल्बखालची लहान पिल्लं मात्र रात्रीही उजेडात पितात, त्यांना रात्रभर पाणी हवं.

चार. दिवसातून तीनदा भरा: सकाळी दार उघडताना, दुपारी आणि चार-पाचच्या सुमारास. दुपारी तुम्ही शेतात असता, म्हणून ते काम आधीच कोणाला तरी नेमून द्या. सासूबाई, शाळेतून आलेलं पोर, शेजारीण, कोणीही चालेल. "कोणीतरी ठेवेल" असं म्हटलं की कोणीच ठेवत नाही. महिनाभराच्या २० पिल्लांना दिवसाला दीड-दोन लिटर पाणी लागतं. मोठी कोंबडी थंडीत साधारण पेलाभर पिते. अंडी देणाऱ्या कोंबडीला पाणी कमी पडलं तर अंडीही कमी होतात. हिवाळ्यात अंडी घटली की आपण थंडीला आणि लहान दिवसाला बोल लावतो. तेही खरं आहे, पण एकदा पाण्याचं भांडं तपासून पाहा.

पाच. भांडं विटेवर ठेवा. पाण्याची कड पिल्लाच्या पाठीइतकी उंच हवी. पिल्लं वाढली की दुसरी वीट. मग त्यात माती, घाण जात नाही. घमेल्यासारखं उघडं भांडं असेल तर त्यात स्वच्छ गोटे टाका, म्हणजे लहान पिल्लू आत पडून बुडणार नाही. ओलं झालेलं पिल्लू थंडीत रात्र काढत नाही.

सहा. बाजारातलं पाण्याचं भांडं घ्यायचं नसेल तर घरी बनवता येतं. दोन-तीन लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्याच्या तोंडाची कड सपाट हवी. कडेपासून बोटभर आत एक भोक पाडा. डब्यात पाणी भरा, वर पसरट ताटली ठेवा आणि पटकन उलटं करा. ताटलीची कड त्या भोकापेक्षा थोडी उंच हवी. पाणी भोकाच्या उंचीपर्यंत येऊन थांबतं. पिल्लांनी प्यायलं की तेवढंच खाली उतरतं. डबा दुसरीकडे कुठे चिरलेला नको, नाहीतर सगळं पाणी वाहून जातं. भांडं रोज राखेनं घासा आणि उन्हात पालथं घाला.

सात. लसीच्या दिवसाची काळजी. मानमोडीची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात. चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा देताना बऱ्याचदा पाण्यातून देतात. त्या दिवशी पाण्यात क्लोरीन किंवा टीसीएल पावडर अजिबात नको, त्यानं लस मरते. ग्रामपंचायतीच्या टाकीचं पाणी नको, विहिरीचं घ्या. थंडीत पिल्लं कमी पितात, म्हणून आधी दोन-तीन तास पाणी बंद ठेवावं लागतं. हे पशुसखी ताईला विचारून करा. आठव्या आठवड्याच्या सुमारास मानमोडीचं इंजेक्शन असतं, ते चुकवू नका.

आणि एक दिवसाची पिल्लं घरी आल्यावर, दाण्याच्या आधी पाणी. कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवा आणि एकेका पिल्लाची चोच हलकेच पाण्याला लावा. आईनं पाणी दाखवायचं ते काम हेच. पहिल्या दिवशी जे पिल्लू पाणी प्यायला शिकलं नाही, ते तिसऱ्या दिवशी मान टाकतं.

तिसरं काम: मोठ्यांपासून राखणं

कोंबड्या का टोचतात? त्या दुष्ट नसतात. कळपात प्रत्येकीचा नंबर ठरलेला असतो. कोण कोणाला टोचणार, कोण आधी पिणार, हे त्यांच्यात पक्कं असतं. शंभर वर्षांपूर्वी नॉर्वे देशातल्या थोरलेफ शेल्डरुप-एब्बे नावाच्या माणसानं हे पहिल्यांदा मांडलं. लहानपणापासून तो कोंबड्यांजवळ बसून कोण कोणाला टोचतं हे लिहून ठेवायचा, आणि १९२० च्या दशकात त्यानं ते जगापुढे ठेवलं. म्हणजे कोंबड्या पाहत बसणं हा रिकामा उद्योग नाही. आपल्या सासूबाईंनीही तेच केलं होतं, फक्त लिहून ठेवलं नव्हतं.

नवीन पक्षी आला की सगळे नंबर पुन्हा लागतात आणि नवी सगळ्यात शेवटी. हसू नका. घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणारी-पिणारी कोण, हे इथे कोणाला सांगायला नको. मोठी कोंबडी हे सहन करून जगते. पिल्लाचा जीव केवढा?

म्हणून मिसळायचं ते टप्प्याटप्प्यानं.

पहिला टप्पा, वेगळं ठेवणं. बाहेरून आणलेला कोणताही पक्षी, पिल्लू असो की मोठी कोंबडी, दोन-तीन आठवडे घरच्या कळपापासून लांब ठेवा. भांडी वेगळी. आधी घरच्यांना दाणा घाला, मग नव्यांना, आणि हात धुवा. २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या खेर्डा इथे बर्ड फ्लू निघाला आणि हजारो कोंबड्या गेल्या, हे तुम्हाला आठवत असेल. रोग बाहेरून दिसत नाही. घरचा कळप म्हणजे आपली ठेव. नवा पक्षी तपासल्याशिवाय तिच्यात घालायचा नाही. दोन-तीन दिवसांत एकाएकी बरेच पक्षी मेले तर ते उघड्यावर टाकू नका, विकू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ नंबरला फोन लावा.

दुसरा टप्पा, दिसू द्या पण भिडू देऊ नका. एक-दोन आठवडे पिल्लं आणि मोठ्या कोंबड्या शेजारी-शेजारी, मध्ये आडोसा. यासाठी जाळी विकत घ्यायला नको. आता तूर निघतेय, तुराट्या घरोघरी आहेत. तुराट्यांचा विरळ कुड बांधा. आरपार दिसलं पाहिजे, पण कोंबडीची चोच पलीकडे पोचायला नको. जुनी साडी लावू नका. त्यातून दिसत नाही आणि पिल्लांचे पाय अडकतात.

तिसरा टप्पा, पिल्लांची खिडकी. कुडाला खाली एक फट ठेवा, पिल्लू सहज जाईल पण कोंबडीचं फक्त डोकं जाईल एवढी. पिल्लांचं पाणी आणि दाणा कुडाच्या आत, त्यांच्या बाजूला. पिल्लं बाहेर येऊन मोठ्यांमध्ये फिरतील, टोच बसली की पळून आत जातील, पाणी पितील, परत येतील. ही फट मी त्या वेळी सांगितली असती तर ती ११ पिल्लं वाचली असती, असं मला अजून वाटतं. पिल्लांचा दाणा आत ठेवण्याचा आणखी एक फायदा. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना जे शिंपल्याचं, चुन्याचं खाद्य देतो, ते पिल्लांना चालत नाही, आणि पिल्लांचं चांगलं खाद्य मोठ्या कोंबड्या संपवतात. आणि आपल्याकडे सोयाबीन मुबलक आहे म्हणून ते कच्चंच भरडून पिल्लांना घालू नका. कच्चं सोयाबीन त्यांना पचत नाही. भाजून तरी घ्या, नाहीतर ढेप वापरा.

चौथा टप्पा, एकत्र करणं. पिल्लं निदान आठ आठवड्यांची आणि अंगानं भरलेली असू द्या. एकेकटं पिल्लू सोडू नका, सगळी एकदम सोडा. लसीच्या आठवड्यात हे करू नका, दोन ताण एकावेळी नकोत. संध्याकाळी जुन्या कोंबड्या दांडीवर बसल्या की अंधारात पिल्लं शेजारी ठेवा. सकाळी मात्र तुम्ही उजाडायच्या आधी तिथे हव्यात. दार उघडून सगळ्यांना अंगणात मोकळं करा. खुराड्यात कोंडलेलं पिल्लू पळून जाऊ शकत नाही, अंगणात ते पळतं. हे काम सुट्टीच्या दिवशी धरा, बाजाराच्या किंवा मजुरीच्या दिवशी नको.

आणि पाण्याची भांडी कमीत कमी दोन, तीन असली तर उत्तम. पण शेजारी-शेजारी नाही. एक खुराड्यापाशी, दुसरं भिंतीच्या वळणाआड. एकच कोंबडी दोन्ही राखू शकणार नाही, एवढं अंतर पाहिजे. दाण्याचंही तसंच. अंगणात एक मोडकी खाट, एखादी आडवी पाटी ठेवा, पिल्लांना खाली शिरता येईल अशी.

थोडी टोचाटोची होणारच. तेवढ्याला मध्ये पडू नका. रक्त दिसलं तर मात्र ते पिल्लू लगेच वेगळं काढा. रक्त पाहिलं की बाकीच्याही टोचायला लागतात. जखमेवर हळद लावा, बरं झाल्यावर परत सोडा. एकच कोंबडी फार मारत असेल तर पिल्लं नका हलवू, तिला दोन-तीन दिवस डालीखाली ठेवा. परत येईल तेव्हा तिचाच नंबर खाली गेलेला असतो.

आज्यांचा उपाय राहिला. घरात खुडूक कोंबडी असेल आणि ती बरेच दिवस अंड्यावर बसलेली असेल, तर एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवा आणि अंडी काढून घ्या. बऱ्याच कोंबड्या त्यांना आपलीच समजतात. थंडीत एका कोंबडीखाली आठ-दहाच ठेवा, जास्त नको. सकाळी उठून पाहा, ती टोचत असेल तर पिल्लं काढून घ्या. तिनं घेतली तर तिन्ही कामं तीच करते, बल्बही लागत नाही. मोठ्या पिल्लांना मात्र ती घेत नाही.

आणि हप्त्याचं

त्या ताईचं पुढे काय झालं, हे सांगितल्याशिवाय मला बसता येणार नाही.

११ पिल्लं गेल्यावर पुढच्या महिन्यात ती बैठकीला आली नाही. तिनं हप्ता शेजारणीच्या हाती पाठवला. मजुरीतून काढला होता. मी घरी गेले तर म्हणाली, "पिल्लं माझी मेली मॅडम, पण पैसा गटाचा व्हता. मी कोणत्या तोंडानं येऊ?" चूक मी सांगितलेल्या गोष्टीची आणि लाज तिला वाटत होती. घरात नवरा म्हणत होता, कोंबड्यांचा नाद सोड.

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं की सल्ला माझा चुकला होता. बोलायला जड गेलं. पण ते बोलल्यावर आणखी तिघींनी सांगितलं की त्यांचीही पिल्लं मेली होती, त्यांनी ते लपवलं होतं. गटानं तिला दोन महिने मुद्दलाची सूट दिली, व्याज आणि बचत चालू ठेवली. माफी दिली नाही, आणि तिनं मागितलीही नाही. उरलेल्या नऊ पिल्लांसाठी सासूबाईंनी तुराट्यांचा कुड बांधून घेतला. पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या पाच कोंबड्या अंडी देत होत्या. अंड्यांचा पैसा ती स्वतःच्या हातानं खर्च करते. गेल्या दिवाळीत तिनं मुलीची वह्या-पुस्तकं त्यातून आणली, नवऱ्याला विचारलं नाही. कोंबडीपालनातून फार पैसा येतो असं मी सांगणार नाही. पण जो येतो तो बाईच्या ओच्यात येतो, म्हणून एकेक पिल्लू मोलाचं आहे.

तर या महिन्यात ज्या गटांनी पिल्लांसाठी कर्ज मागितलंय, त्यांना माझी विनंती आहे. कर्ज नाकारू नका. पण पैसा हाती द्यायच्या आधी गटातल्या दोघींनी तिच्या घरी जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात. पाण्याची दोन भांडी वेगवेगळ्या जागी आहेत का? कुड आणि पिल्लांची खिडकी तयार आहे का? आणि ती शेतात गेल्यावर दुपारी पाणी कोण भरणार, त्या माणसाचं नाव ठरलंय का? तिन्ही असतील तर खुशाल पिल्लं आणा. नसतील तर आठ दिवस थांबा, तयारी करा, मग आणा. ज्यांच्याकडे पिल्लं आलेलीच आहेत, त्यांनी उद्या सकाळी सहाला खुराड्यापाशी अर्धा तास बसून पाहावं.

आणि कोणाची पिल्लं मेली तर बैठक चुकवू नका. बैठकीत येऊन सांगा. तुम्ही लपवलं तर तीच चूक पुढच्या घरी होते.

चहा आलेला दिसतोय. मागच्या आज्यांना आधी द्या.